सॅम्पल किती वाजता घेतलं?

हार्मोनच्या तपासणीच्या फॉर्मवर नाव, वय, वॉर्ड आणि केसपेपर नंबर यांच्या खाली एक छोटा रकाना असतो: सॅम्पल घेतल्याची वेळ. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या हार्मोन लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून काम करते, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा रिकामा येणारा रकाना हाच. नाव नसेल तर सॅम्पल परत जातं, वय नसेल तर वॉर्डात फोन जातो. वेळ लिहिलेली नसली तर कुणाला काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. मला वाटतं. ‘कॉर्टिसॉल 12’ एवढंच सांगणारा रिपोर्ट माझ्या लेखी अर्धा आहे. सकाळी आठला 12 असेल तर माणूस ठीक आहे. रात्री बाराला, गाढ झोपेत 12 असेल तर काहीतरी बिघडलंय, आणि मला आधी त्याच्या हाडांची काळजी वाटते.

हाडांची, असं म्हटलं की ऐकणारा थबकतो. हार्मोनच्या लॅबचा हाडांशी काय संबंध, असं माझ्या घरचेही विचारायचे. हाडं म्हणजे कॅल्शियमची गोळी, फार तर दुधाचा पेला, एवढ्यावर बहुतेकांचा विचार थांबतो. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा मनात इतका पक्का बसलेला असतो की जिवंत हाडात रक्त वाहतं, ते रोज मोडलं जातं आणि रोज बांधलं जातं, हे खरंच वाटत नाही. एका जातीच्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, जुनं हाड विरघळवून तिथे खड्डा करतात. दुसऱ्या जातीच्या, ऑस्टिओब्लास्ट, मागून येऊन तो भरतात. मुंबईच्या रस्त्यांवर चालतं तसंच: आधी खोदणारी टोळी, मागून भरणारी. खोदायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडतो. भरणारे मागे पडले की हाड विरळ होत जातं, आणि ते दुखत नाही, त्यामुळे मोडेपर्यंत कळतही नाही.

या दोन्ही कामांचा जोर चोवीस तास सारखा नसतो. तो रात्री वेगळा, दुपारी वेगळा. आणि तो ठरवणारी हार्मोन्स घड्याळाला बांधलेली असतात. माझ्या कामाने मला जे शिकवलं त्याचा गाभा एवढाच आहे: हार्मोन किती आहे याइतकंच ते केव्हा आहे हे महत्त्वाचं, आणि हाडांच्या बाबतीत तर कधीकधी ‘केव्हा’च जास्त.

कॉर्टिसॉलपासून सुरुवात करते, कारण मी घड्याळ तिथेच शिकले. मूत्रपिंडांच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून ते येतं. पहाटे चढायला लागतं, उठायच्या सुमाराला सर्वांत वर असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. हे वेळापत्रक मेंदूतला पेशींचा एक लहानसा पुंजका चालवतो आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो आपलं घड्याळ रोज जुळवून घेतो. कॉर्टिसॉल हाड बांधणाऱ्या पेशींना आवरून धरतं. त्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन सोडतात. ते रात्री वर आणि सकाळनंतर खाली असतं, म्हणजे कॉर्टिसॉलच्या साधारण उलट. रात्रीचा तो उतार हाडाला हवा असतो.

मध्यरात्रीचं कॉर्टिसॉल घेणं हे आमच्या कामातलं सर्वांत नाजूक काम. पेशंटला एक-दोन दिवस आधी दाखल करून घ्यावं लागतं, कारण नव्या जागेच्या धसक्यानेही कॉर्टिसॉल चढतं. संध्याकाळीच हातात सुई लावून ठेवायची, म्हणजे रात्री टोचावं लागत नाही. सिस्टरना आधी सांगून ठेवायचं की अकरानंतर या खाटेजवळ बीपी नाही, ताप नाही, औषध नाही. मावशींना सांगायचं की बादली आदळू नका. मग बाराच्या आधी मी जाते, वॉर्डातला दिवा लावत नाही, टॉर्चवर हातरुमाल धरून पेशंटचा हात शोधते. सुईतलं पहिलं थोडं रक्त टाकून द्यायचं, मग ट्यूब भरायची. पेशंट झोपेतच राहिला तर सॅम्पल खरं. जागा झाला, माझ्याशी बोलला, तर तेही फॉर्मवर लिहायचं, कारण झोपेतल्या माणसाची मर्यादा वेगळी आणि जाग्याची वेगळी. झोपेतल्या मध्यरात्री 1.8 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तरी शंका घ्यावी लागते. जाग्या माणसात ती रेषा 7.5 च्या आसपास धरतात.

सांगली जिल्ह्यातली एक मुलगी अशी आली होती. विशी ओलांडली नव्हती. पाठ दुखते म्हणून महिनोन्‌महिने शेक आणि मलम चाललं होतं. एक्स-रे काढला तेव्हा मणके दबलेले दिसले. चेहरा गोल, पोटावर जांभळट रेघा, रक्तदाब वाढलेला. तिच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या कागदांत सकाळच्या कॉर्टिसॉलचा एक रिपोर्ट होता आणि तो अगदी मर्यादेत होता. ‘हार्मोन नॉर्मल आहेत, असं म्हणाले होते,’ आई सांगत होती. सकाळचं होतंच नॉर्मल. या आजारात सकाळचा आकडा पुष्कळदा साधाच येतो. रात्रीचा उतार सर्वांत आधी नाहीसा होतो. आम्ही बाराला घेतलं तेव्हा ती शांत झोपली होती आणि तिचं कॉर्टिसॉल जवळजवळ सकाळइतकंच होतं. ॲड्रिनलना हुकूम देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ सापडली. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी 1932 मध्ये याच आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. पुढे ती तपासणीला येत राहिली आणि दोन वर्षांत तिच्या मणक्यांची घनता हळूहळू चढत गेलेली मी स्वतः तिच्या फाइलमध्ये पाहिली. तरुण हाड इतकं सोसूनही पुन्हा भरून येतं, हे मला तिच्यामुळे कळलं. रात्रीची विश्रांती परत मिळाली की ते कामाला लागतं.

याचीच दुसरी बाजू पुड्यांची. गुडघेदुखीवर कुणाकडून तरी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या, ‘देशी’ म्हणून दिलेल्या पुड्या. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, माणूस खूश होतो. रत्नागिरीकडचे एक आजोबा अशा पुड्या कितीतरी काळ घेत होते आणि मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडून आले. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना त्यांच्या चेहऱ्याची सूज आणि कागदासारखी पातळ कातडी पाहून शंका आली, म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल पाठवलं. सकाळी आठला, जेव्हा ते सर्वांत वर असायला हवं, ते एकाच्याही खाली होतं. अशा पुड्यांत पुष्कळदा कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड असतं. ते बाहेरून येत राहिलं की पिट्युटरी आपला हुकूम थांबवते आणि ॲड्रिनल झोपी जातात. शरीराचं स्वतःचं घड्याळ बंद, आणि हाडावर मात्र औषधाचा मारा दिवसरात्र. स्टेरॉइड सुरू झाल्यापासून तीन ते सहा महिन्यांतच हाड मोडण्याचा धोका वाढायला लागतो, इतकं ते लवकर होतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत डॉक्टर विचार करून स्टेरॉइड देतात आणि त्याने जीव वाचतात. जमेल तिथे ते सकाळी एकदाच देतात, तेही शरीराच्या घड्याळाशी जुळावं म्हणूनच. ती गोळी कुणी मनाने बंद करू नये; झोपलेल्या ग्रंथी एका दिवसात उठत नाहीत आणि माणूस कोसळतो. त्या आजोबांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून स्टेरॉइड द्यावंच लागलं.

आता हाडाच्या स्वतःच्या खुणेकडे येते. हाड विरघळताना त्यातल्या कोलॅजनचे तुकडे रक्तात सुटतात. त्यांतल्या एकाला सीटीएक्स म्हणतात. हाड बांधताना सुटणारा दुसरा एक तुकडा आहे, पी-वन-एनपी. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं विरळ होण्याच्या आजाराच्या, कामासाठी याच दोन खुणा प्रमाण मानाव्यात, अशी शिफारस 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केली. पी-वन-एनपी दिवसभर फारसं हलत नाही. सीटीएक्स मात्र पहाटे सर्वांत वर आणि दुपारी तळाला, जवळजवळ निम्म्यावर. म्हणून ते सकाळी, रात्रभर उपाशी राहूनच घ्यायचं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, आणि लवकर फिरवून प्लाझ्मा गोठवून ठेवायचा.

दादरच्या एका आजींचं सांगते. मणका दबला होता, डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडाचं विरघळणं आवरणारी ॲलेंड्रोनेटची गोळी सुरू केली. सुरू करण्याआधीचं सीटीएक्स आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी झालं. तीन-चार महिन्यांनी आजी लेकीकडे ठाण्याला होत्या, तिथल्या कुठल्याशा लॅबच्या मुलाने घरी येऊन सॅम्पल नेलं. आकडा निम्म्याच्या जवळ आला. लेक रिपोर्ट घेऊन हसत हसत ओपीडीत आली: गोळी लागू पडली! ही गोळी लागू पडली तर सीटीएक्स साधारण एवढंच उतरतं, तेव्हा तिचं समाधान रास्त होतं. मला फक्त वेळ दिसेना. ‘ताई, किती वाजता घेतलं होतं?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘दुपारी. आई जेवून जरा पडली होती तेव्हा.’

आजी बाकावर बसल्या होत्या. लेक औषधाच्या रांगेत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘खरं सांगू का बाई, ती गोळी मी घेतच नाही. पहिल्या दोन घेतल्या तर छातीत अशी आग झाली की बस. पोरीला सांगितलं तर ती चिडते. तिच्याजवळ बोलू नका.’ ती गोळी सकाळी उठल्या उठल्या पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं असतं. आजी त्या दोन्ही वेळा ती अंथरुणात चहाबरोबर घेऊन पुन्हा आडव्या झाल्या होत्या. म्हणजे औषध पोटात नव्हतंच आणि आकडा मात्र निम्मा झाला होता, निव्वळ दुपारच्या जेवणामुळे. मी डॉक्टरांना सांगितलं, आजींना विचारून. सकाळी उपाशीपोटी पुन्हा सॅम्पल घेतलं, ते पहिल्याइतकंच आलं. पुढे त्यांना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध सुरू झालं. दुपारच्या त्या आकड्यावर भरवसा ठेवला असता तर आजी बिनऔषधाच्या, आणि सगळे निर्धास्त, असं वर्ष गेलं असतं.

जेवणाने हाडाचं विरघळणं का थांबावं, हे मला फार दिवस कोडं होतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार घट्ट धरून ठेवतं, दर शंभर मिलिलिटरमध्ये साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या मध्ये. हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आकुंचन त्यावर चालतं. दिवसा ते अन्नातून येत राहतं. रात्री आठ-दहा तास वरून काही येत नाही, लघवीवाटे थोडं जात राहतं, तेव्हा भरपाई हाडातून होते. सकाळी अन्न पोटात पडलं की आतड्यांतून काही हार्मोन्स सुटतात आणि त्यांच्या इशाऱ्याने हाड विरघळवणाऱ्या पेशी मंदावतात. 1994 मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमधल्या संशोधकांनी पाळी चालू असलेल्या स्त्रियांना रोज एक ग्रॅम कॅल्शियम दिलं, काहींना सकाळी, काहींना रात्री अकराला. रात्री घेतलेल्यांमध्ये हाडाचं रात्रीचं विरघळणं दबलं. सकाळी घेतलेल्यांमध्ये तसं झालं नाही. रक्तातली खूण दबली म्हणजे हाडं कमी मोडली असं होत नाही, तेवढा फरक मी सांभाळून बोलते. पण आमच्याकडच्या आज्या रात्री दूध पिऊन झोपा म्हणायच्या, आणि रात्री नाचणीची भाकरी खाणारं घर माझ्या माहेरी होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हणजे त्या घरांत हाडांची रात्र काही अगदीच मोकळी जात नव्हती.

रात्री हाडाकडून कॅल्शियम मागणारं हार्मोन म्हणजे पीटीएच, पॅराथायरॉइडचं. गळ्यात थायरॉइडच्या मागे सहसा चार ग्रंथी असतात, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरच्या. मला आवडणारी एक गोष्ट इथे सांगते. या ग्रंथी पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला तो गेंडा 1849 मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन करताना त्या नोंदवल्या. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या तरुणाने 1880 मध्ये केलं, आणि तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

निरोगी माणसात पीटीएच रात्री चढतं, पहाटे वर असतं, सकाळ सरता सरता उतरतं. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की ते चढतं आणि चढूनच राहतं. आपल्याकडे असे पेशंट बऱ्याचदा फार उशिरा येतात, हाडं मोडून. एक रिक्षावाले काका आठवतात. मूतखडे वारंवार, जबड्याला सूज, आणि रिक्षाला किक मारताना मांडीचं हाड मोडलं. अशा शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही लॅबमधली बाकीची कामं बाजूला ठेवतो. सर्जन गाठ काढतात, घड्याळ लावतात, आणि बरोबर दहा मिनिटांनी घेतलेलं रक्त घेऊन वॉर्डबॉय मामा जिन्याने धावत येतात, लिफ्टची वाट पाहत नाहीत. पीटीएच रक्तात अर्धं व्हायला तीन-चार मिनिटंच लागतात. म्हणून खरी गाठ निघाली असेल तर दहा मिनिटांत आकडा निम्म्याच्या खाली आलाच पाहिजे. मशीनवर आकडा येईपर्यंत पेशंट टेबलावर, गळा उघडा, सर्जन हात बांधून उभे. काकांचा आकडा कोसळला तेव्हा मी फोनवर तो दोनदा वाचून दाखवला. पलीकडून ‘बंद करतोय’ एवढंच ऐकू आलं.

आता हेच पीटीएच औषध म्हणूनही देतात, आणि ते हाड बांधायला! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वरिष्ठ मॅडमना पुन्हा पुन्हा विचारलं होतं, की हेच का ते. तेच. 84 अमिनो आम्लांच्या या हार्मोनचा पहिला 34 चा तुकडा म्हणजे टेरिपॅराटाइड. ग्रंथीचा अर्क दिलेल्या जनावरांत हाड वाढतं, हे बॉस्टनमध्ये 1929 मध्येच दिसलं होतं. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळायला 2002 साल उजाडलं. दिवसातून एकदा, 20 मायक्रोग्रॅम, पेनमधून पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. अर्ध्या तासात ते रक्तात वर जातं आणि काही तासांत नाहीसं होतं. सतत वर राहिलेलं पीटीएच काकांची मांडी मोडतं. रोज थोडा वेळ येऊन जाणारं तेच पीटीएच एखाद्या आजींचा मणका भरून काढतं. रेणू तोच, खुणावणंही तेच, फरक फक्त चढउताराचा. नवीन मुलं लॅबमध्ये आली की मी त्यांना आधी हे सांगते. मग त्यांना वेळेचा रकाना भरायला सांगावं लागत नाही.

हाडातल्या पेशींना स्वतःचंही घड्याळ असतं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने घड्याळाची जनुकं काढून टाकलेल्या उंदरांत हाड बेसुमार वाढलेलं दाखवलं. म्हणजे बांधणाऱ्या पेशींना वेळेवर थांबवणारंही हे घड्याळच. ही जनुकं ज्यांनी माशीत उलगडली त्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. ती बातमी मी नाइटला असताना वाचली आणि मला आमच्या सिस्टर आठवल्या.

कारण हे सगळं घड्याळ आम्हीच मोडून जगतो. पोलीस, वॉचमन, कॉल सेंटरमधली मुलं, छापखान्यातले, आणि आम्ही रुग्णालयवाले. रात्री तीनला चहा आणि फरसाण, सकाळी घरी जाऊन पडदे ओढून झोप, ऊन अंगावर पडतच नाही. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. त्यातून 2009 मध्ये दिसलं, की ज्यांनी वीस वर्षं किंवा जास्त अधूनमधून रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत मनगट आणि खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा साधारण एकतृतीयांशाने जास्त होतं. 2017 च्या एका छोट्या प्रयोगात निरोगी पुरुषांची झोप आणि दिनक्रम तीन आठवडे विस्कटला, तर हाड बांधण्याची खूण, पी-वन-एनपी, घसरली. विरघळण्याची खूण होती तिथेच राहिली. खोदणं चालू, भरणं मंद. आणि तरुणांत ते जास्त दिसलं. विशीतली मुलगी नर्सिंग करून नाइटला लागते, तेव्हा तिचं हाड अजून शेवटचं भरत असतं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आमची एक सिस्टर, माझ्या बरोबरीची, गेल्या पावसाळ्यात पायरीवरून साधी घसरली आणि मनगट मोडलं. हात टेकवून पडलं तर मोडणारं ते हाड. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आणि रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. ती सकाळी आठला नाइट संपवून तशीच माझ्याकडे आली. ‘आले आहे तर घेऊन टाक ना गं. पुन्हा कुठे येऊ?’ चारला तिने वडापाव खाल्ला होता. रात्रभर जागी. घड्याळात आठ वाजले होते, तिच्या शरीरात किती वाजले होते ते मला सांगता आलं नसतं. आमच्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा रात्री झोपून सकाळी उठणाऱ्यांच्या आहेत. मी तिला बसवलं, पाणी दिलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं रक्त घेतलं कारण ते आजही चाललं असतं, आणि बाकीच्यासाठी सांगितलं की नाइट संपून चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावर ये. ती वैतागली. ‘चार-पाच रात्री! ड्युटीचा तक्ता पाहिलायस ना?’ पण रजेत आली.

ड जीवनसत्त्व नऊ होतं. वीसच्या खाली गेलं की ते कमी धरतात. पीटीएच त्यामुळे वर गेलेलं. डेक्सावर मनगटाचा आणि मणक्याचा आकडा उणे अडीचच्या अलीकडे थांबला होता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाही, पण त्याच्या वाटेवर. पाळी जाऊन तिला दोनच वर्षं झालीत, त्याचा वाटाही यात असणार. सगळं खापर रात्रपाळीवर फोडता येणार नाही. आठवड्याला साठ हजार युनिटचं साशे सुरू झालं, रात्रीच्या जेवणात कॅल्शियम, सुट्टीच्या दिवशी अकरा ते दोनच्या मध्ये गच्चीवर थोडा वेळ.

आमच्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे असतो, साखर असते, काविळीच्या लशीची नोंद असते. किती वर्षं रात्री जागलात, हा प्रश्न नसतो. तो विचारावा आणि चाळिशीनंतर ड जीवनसत्त्व तरी तपासावं, असं पत्र आम्ही काही जणींनी मिळून दिलं आहे; त्याची पोच मिळाली आहे. डॉक्टरांनी सिस्टरला सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत असं लिहून दिलंय. तो कागद मेट्रनच्या टेबलावर आहे, आणि पुढच्या महिन्याचा तक्ता येत्या शुक्रवारी लागतो.